मावशीचा उजवा पाय

आमच्या ऑफिसात प्रत्येक वस्तू एकच आहे. एक स्टेपलर, एक छत्री, एक कात्री आणि संडासाची एक किल्ली. खरं तर संडास दोन आहेत, पण दुसऱ्यात जुने मॉनिटर छतापर्यंत रचून ठेवलेत, का तर एक पुरतो ना! चालू असलेल्या संडासाची किल्ली एका लाकडी ठोकळ्याला बांधून पॅसेजमधल्या खिळ्याला टांगलेली असते. ती खिळ्यावर दिसली नाही की मुकाट्याने जागेवर येऊन बसायचं आणि कामात मन रमवायचं.

ही सगळी कृपा आमच्या सीनियरची. पाठीमागे आम्ही त्यांना एकमेव म्हणतो. समोर सर म्हणतो, कारण माझ्या पगारवाढीची शिफारस तेच करतात, म्हणजे करत नाहीत. माणूस वाईट नाही हो. हुशारही आहे. पण एकावर भागत असताना दुसरं आणायचं म्हटलं की त्यांच्या पोटात दुखतं. मी एकदा दुसऱ्या संडासातले मॉनिटर हलवायचा विषय काढला, तर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला शांतपणे विचारलं, की तू एका वेळी दोन ठिकाणी जाणार आहेस का. प्रोग्रामही ते याच तत्त्वावर लिहितात.

आमचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे मापाचे बूट शिवून देणारी एक कंपनी. तिच्या प्रत्येक दुकानात एक काचेचं मशीन आहे. त्यावर आधी डावा पाय ठेवायचा, मग उजवा. मशीन पायाचं माप घेऊन आमच्या सर्व्हरवर पाठवतं. तिथे एकमेवांनी जावा भाषेत लिहिलेली सर्व्हिस, म्हणजे सतत चालू असणारा प्रोग्राम, त्या मापावरून बुटाचा नमुना काढते आणि थेट कारखान्याला कळवते. प्रत्येक पाय म्हणजे सर्व्हिसकडे आलेली एक वेगळी मागणी, रिक्वेस्ट. दुकानं बरीच, पाय त्याच्या दुप्पट, आणि सगळे एकाच वेळी आले तरी सर्व्हिसने न गोंधळता उत्तर द्यायचं, यासाठीच तर आम्हाला पैसे मिळतात.

आता मावशी. आई गेल्यावर मला हिने वाढवलं. शाळेत गणित शिकवते, आणि लहानपणच्या आजारपणात तिचा उजवा पाय आखूड राहिला तो राहिलाच. हातात काठी. काठीचा टक, मागोमाग बुटाचा धप. शाळेच्या व्हरांड्यात तो टक-धप ऐकू आला की पोरं जिथल्या तिथे गप्प होतात, वर्ग कुठलाही असो. मावशीला वर्गात कधी आवाज चढवावा लागला नाही. पोरांना वाटायचं बाईंचा दरारा. मावशी म्हणायची, कसला दरारा, आगगाडीसारखी आधीच शिट्टी देत येते मी.

यंदा ती निवृत्त होणार होती. निरोपाचा समारंभ ठरला, शाळेच्या सभागृहात. साडी कुठली नेसायची यावर आमचा वाद चालला होता. मध्येच ती म्हणाली, "साडी कुठलीही चालेल गं. मला एकदा दारापासून व्यासपीठापर्यंत बिनकाठीची चालत जायचंय. बस."

सगळ्या जन्मात तिने माझ्याकडे स्वतःसाठी काही मागितलं असेल तर हे. मी लगेच म्हटलं, अगं, आमच्या त्या गिऱ्हाईक कंपनीकडून बूट करून घेऊ, उजव्याला जाड तळ घालून उंची बरोबर बसवतात ते. तुमच्या त्या कॉम्प्युटरला माझा पाय कळणार आहे का, असं तिने विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, की मावशी, ती सर्व्हिस आमचीच आहे. हे वाक्य मला नंतर चांगलंच महागात पडलं.

दुकानात जाऊन माप दिलं आणि बूट आले. डावा बसला अगदी हातमोज्यासारखा. मग खोक्यातून उजवा निघाला. निघतच राहिला. तळ सपाट, जाड वगैरे काही नाही, आणि लांबी विचारूच नका. शेजारची मांजर आली, त्यात शिरली, आत एक गिरकी घेतली आणि चक्क बसली. मी हसले. मग मावशीकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी आटलं. ती चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"राहू दे," ती म्हणाली. "काठी आहेच की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आधी दुकानाला फोन लावला. ते म्हणाले, माप आम्ही नीटच पाठवलं, नमुना तुमच्याकडून असा आला. मग एकमेवांकडे गेले. ते म्हणाले, माझ्याकडे बरोबर येतं. आणि खरंच, लगेच उठून, बूट-मोजे काढून ते ऑफिसातल्या मशीनवर चढले, डावा, मग उजवा, आणि स्क्रीनवर त्यांच्याच पायांचा नमुना आला. आमच्याकडे चाचणीसाठी मशीन अर्थातच एकच आहे. प्रत्येक वेळी सर्व्हिसमध्ये काही बदल केला की एकमेव स्वतः त्यावर उभे राहतात. त्यांच्या डाव्या अंगठ्याजवळचं कुरूप आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे. तर चूक दुकानाची, असा निकाल त्यांनी मोजे चढवता चढवता दिला.

मावशीला मी घरी जाऊन हे सांगितलं. तिने बूट खोक्यात ठेवून दिला. पण दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, मला न कळवता, तो होडीएवढा बूट पिशवीत घालून ती आमच्या ऑफिसात निघाली.

पॅसेजमध्ये टक-धप ऐकू आलं आणि मी दचकून वर पाहिलं. पण माझ्याआधी एकमेव उठले होते. दार अजून बंद होतं. कोण येतंय ते त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं. तरी ते खुर्ची मागे सारून ताठ उभे, हात बाजूला, तोंडातलं बिस्किट न चावता तसंच. ऑफिसचे मालक, म्हणजे आमचे साहेब, त्यांच्याकडे बघतच राहिले.

दार उघडून मावशी आत आली. तिने एकमेवांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अरे, तू होय," ती म्हणाली. "कच्चं काम अजून एकाच पानावर करतोस का?"

एकमेवांनी बिस्किट गिळलं. मावशीने मग साहेबांना आणि मला सगळं सविस्तर सांगितलं, एकमेव तिथेच उभे असताना. हा मुलगा तिच्या वर्गात होता. हुशार, पण कागद वाचवायचं भारी वेड. कच्च्या आकडेमोडीला सगळ्यांना वेगळी वही दिली होती, याने वर्षभर एकच पान वापरलं. एक गणित करायचं, खोडरबराने पुसायचं, त्यावरच दुसरं. पण हात इतका उतावळा, की पहिल्याचं उत्तर पक्क्या वहीत उतरवायच्या आधीच दुसऱ्याचे आकडे तिथे येऊन बसायचे, आणि हा तेच उतरवून मोकळा व्हायचा. रीत अगदी बरोबर आणि उत्तर भलत्याच गणिताचं. मावशीला त्याला शून्य देताना दरवेळी जिवावर यायचं.

एकच पान ऐकून मला शंका आली. मावशीसाठी चहा मागवला आणि मी एकमेवांचा प्रोग्राम उघडला. इतकी वर्षं आम्ही कुणी त्यात डोकावलं नव्हतं, कारण चालत होता ना.

आता हे नीट सांगते, कारण पुढचं सगळं यावर आहे. सर्व्हिसचा एकच ऑब्जेक्ट, म्हणजे एकच कारकून समजा, बनवायचा आणि येईल त्या रिक्वेस्टला त्यानेच उत्तर द्यायचं, यात गैर काही नाही. सगळेच तसं करतात. एकाच वेळी दहा रिक्वेस्ट आल्या तरी तो एकटा दहाही सांभाळतो. अट एवढीच, की त्या ऑब्जेक्टने कुणाची वस्तू स्वतःजवळ ठेवून घ्यायची नाही. एकमेवांनी त्याला एक खण दिला होता. आलेलं माप त्या खणात ठेवायचं, मग बाकीचे हिशोब करायचे, आणि शेवटी खणातूनच माप उचलून तळाच्या जाडीसकट नमुना काढायचा. खण किती? अहो, सांगायला हवं का? मावशीचं माप खणात पडलं, हिशोब चालू झाले, आणि नेमकं तेव्हाच दुसऱ्या कुठल्या दुकानात कुणी आडदांड गृहस्थ काचेवर चढले. त्यांचं माप त्याच खणात आलं. मावशीचा हिशोब संपेपर्यंत खणात त्यांचा पाय होता. मावशीला तो मिळाला, त्यांनाही तोच मिळाला. त्यांचे बूट त्यांना छान बसले असणार, त्यामुळे त्यांची तक्रार येण्याचा प्रश्नच नव्हता.

संध्याकाळी रस्त्याने परत येताना मी मावशीला हे समजावलं. तिला चटकन समजलं.

"मग माझा पाय गेला कुठे?" तिने विचारलं.

मी म्हटलं, कुठेच नाही गं. पुसला गेला. तोंडातून गेलं आणि मला माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

एकमेव मानायला तयार नव्हते. मग मी दुकानातून एक मशीन काही दिवसांसाठी उसनं आणलं. एकावर मी उभी राहिले, दुसऱ्यावर साहेब. साहेब शरीराने भरदार आहेत आणि अनवाणी उभं राहायला लाजत होते. दोघांनी एकदम पाय ठेवला. माझा नमुना म्हणून स्क्रीनवर साहेबांचा पाय आला, आणि साहेबांचाही साहेबांचाच. पुन्हा केलं, या वेळी साहेब जरा आधी आणि मी लगोलग मागून, तर दोन्हीकडे माझा. इतक्या छोट्या बुटात मी मावणार कसा, असं साहेबांनी एकमेवांना फार कळकळीने विचारलं.

आता शहाण्या माणसाने खण काढून टाकला असता. एकमेवांनी खणाला कुलूप लावलं. म्हणजे एका वेळी एकच रिक्वेस्ट आत, तिचं सगळं आटपेपर्यंत बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. मापं चुकायची बंद झाली, हे मी नाकारत नाही. पण आता सगळ्या दुकानांतले सगळे पाय एका रांगेत उभे राहिले. फोनवर फोन. एका दुकानात गिऱ्हाइकाला एका पायावर उभं राहून पेंग आली. दुसऱ्या दुकानाने मशीनशेजारी स्टुलं मांडली. एकमेव सगळ्यांना एकच सांगत होते, की उशीर होईल पण अचूक होईल. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, कारण कंपनी करार मोडायची भाषा करू लागली होती.

त्यातच मी मावशीला पुन्हा माप द्यायला घेऊन गेले. समारंभ त्याच आठवड्यात होता आणि कारखाना म्हणत होता, आज माप आलं तर कसंबसं जमेल. डावा पाय झाला, बऱ्याच वेळाने. मग मावशीने आखूड पाय काचेवर ठेवला आणि सगळा भार त्यावर घेऊन उभी राहिली. मशीनवर काठी चालत नाही. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरतंय, फिरतंय. मी तिचं कोपर धरलं होतं. आधी गुडघा थरथरायला लागला, मग सगळी मावशीच. ती ओठ घट्ट मिटून समोरच्या भिंतीकडे बघत होती. चक्र थांबायच्या आत तिचा पाय घसरला आणि ती माझ्या अंगावर आली. दुकानदाराने धावत खुर्ची आणली. मावशी खुर्चीत बसून म्हणाली, "पुरे झालं आता. चल घरी."

तिला तिथेच बसवून, आलेच म्हणून मी ऑफिसकडे सुटले. इतका राग मला आधी कधी आला नव्हता. जिना चढून पॅसेजमध्ये आले तर साहेब संडासाच्या दारासमोर या पायावरून त्या पायावर होत होते. खिळा रिकामा. आत कोण, ते विचारायची गरज नव्हती. एकमेव आत गेले की वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, कारण ऑफिसात वर्तमानपत्रही एकच येतं.

मग मी दारालाच सुनावलं. सर, माझी मावशी आत्ता तुमच्या रांगेत पडता पडता राहिली. तुमच्या कुलपाने माप बरोबर येतं, पण येईपर्यंत माणूस उभा राहू शकत नाही. बाईंचा पाय कसा थरथरत होता ते तुम्ही पाहायला हवं होतं. आत वर्तमानपत्राची सळसळ थांबली. साहेब कळवळून म्हणाले, की ती अगदी बरोबर बोलतेय, या कुलपाचं काय ते मला आत्ता पुरतं समजलंय, फक्त तुम्ही आधी बाहेर या.

कडी वाजली. एकमेव बाहेर आले, साहेब आत घुसले. एकमेव लाकडी ठोकळा हातात घेऊन पॅसेजमध्ये उभेच राहिले. मला वाटलं, आता मेमरीच्या बचतीवर भाषण होणार. पण त्यांनी विचारलं, "बाई पडल्या नाहीत ना?"

मी मान हलवली. ते सरळ जागेवर जाऊन बसले, प्रोग्राम उघडला आणि कुलूप काढलं. मग खण काढला. फार काही नव्हतं हो त्यात, मोजून चार ठिकाणी हात लावायचा होता. "ज्याचं माप त्याच्याबरोबरच आत जाऊ दे आणि त्याच्याबरोबरच बाहेर येऊ दे," ते स्वतःशीच बोलत होते. "आपण कशाला धरून ठेवायचं?" ऑब्जेक्ट एकच राहिला, त्यांच्या जिवाला तेवढंच समाधान. पण आता त्याच्याजवळ स्वतःचं असं काही नव्हतं. मी आणि साहेब पुन्हा दोन मशीनवर एकदम चढलो, मागेपुढे चढलो, पाय अदलाबदल करून चढलो. माझा पाय माझाच राहिला. काम स्वच्छ केलं होतं, ते कबूल करावंच लागेल. साहेबांनी त्याच दिवशी दुसऱ्या संडासातले मॉनिटर भंगारात काढले.

मी धावत दुकानात परतले. मावशी खुर्चीत तशीच बसली होती, काठी मांडीवर आडवी. एकदाच, शेवटचं, म्हणून मी तिच्या अक्षरशः विनवण्या केल्या. तिने पाय काचेवर ठेवला, मी कोपर धरलं, आणि तिचा गुडघा थरथरायच्या आत मशीन वाजलं. एवढंच? असं मावशीने संशयाने विचारलं.

समारंभाच्या सकाळपर्यंत बुटांचा पत्ता नव्हता. मी खिडकी आणि फोन यांच्यात येरझाऱ्या घालत होते. शेवटी दारात एकमेव उभे, कारखान्यातून स्वतः जाऊन खोकं घेऊन आलेले, घामाघूम. घरात यायला मात्र तयार नव्हते. मावशीने उजवा बूट चढवला, उठून उभी राहिली, आणि पहिल्यांदा मला कळलं, की मावशी माझ्याहून उंच आहे.

शाळेच्या व्हरांड्यातून ती बिनकाठीची चालत गेली. हळू, जपून, पण सरळ. काठी माझ्या हातात. नव्या बुटांचा तळ मऊ, पावलांचा आवाज म्हणून नाही. सभागृहाच्या दारात आम्ही पोचलो आणि आत नुसता गोंगाट. पोरं, आईबाप, जुने विद्यार्थी, सगळे एकाच वेळी बोलत होते. कुणाचंही दाराकडे लक्ष नव्हतं. व्यासपीठावरून एक तरुण शिक्षक पुन्हापुन्हा बजावत होता, की काठीचा आवाज ऐकू आला की सगळ्यांनी एकदम उठून उभं राहायचं, तोपर्यंत बसून राहा, बाई अजून यायच्या आहेत.

बाई दारात उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत काठीशिवाय ताठ उभ्या होत्या, आणि एकाही माणसाने पाहिलं नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी ओरडायला तोंड उघडलं. मावशीने माझा दंड धरला. ती ऐकत होती. जवळच्या बाकावर एक मुलगी तिची नक्कल करत होती, भुवया चढवून, "त्रिकोण काढलायस की बटाटा?" आणि आजूबाजूची पोरं पोट धरून हसत होती. मावशीही हसत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी यायच्या आधी हे असं असतं होय," ती म्हणाली. "मला कधी ऐकायलाच मिळालं नाही."

बराच वेळ ती ऐकत राहिली. मग तिने माझ्या हातातून काठी घेतली आणि फरशीवर आपटली. टक.

सगळं सभागृह गप्प झालं आणि एका झटक्यात उठून उभं राहिलं. मावशीने काठी माझ्या हातात परत दिली आणि त्या शांततेतून एकटी पुढे निघाली. मी दारात काठी छातीशी धरून हमसाहमशी रडले, मला काही त्याची लाज नाही. ती व्यासपीठावर पोचली, वळली, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बसा."

सगळे बसले. मागच्या रांगेत, भिंतीला लागून, एकमेव तेवढे हात बाजूला घेऊन उभेच राहिले होते.

"तू पण," मावशी म्हणाली.